ब्रिटनमधला मतदार बदलला, मतदानाची पद्धत तीच. तुमचा अनुभव काय?

टेम्सकाठ
मंडळी, सध्या जुन्या ब्रिटिश निवडणुकांचे आकडे चाळायचा नाद लागलाय. १९५१ साली शंभरातली जवळपास ९७ मतं कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लेबर या दोघांनीच वाटून घेतली होती, आणि मतदान झालं होतं ८२ टक्क्यांच्या वर. जुलै २०२४ मध्ये याच दोघांची बेरीज ५७-५८ टक्के आणि मतदान ६० टक्क्यांच्या आत.

नियम मात्र तोच. मतदारसंघात सगळ्यात जास्त मतं ज्याला, तो खासदार. बाकीच्यांची मतं वाया. त्यातून निकाल कसले लागतात बघा: लेबरला ३४ टक्क्यांच्या किंचित आत मतं, जागा ६५० पैकी ४११. रिफॉर्म पक्षाला १४ टक्के मतं, जागा ५. लिबरल डेमोक्रॅट्सना १२ टक्के मतं, जागा ७२!

माझं मत असं की पूर्वी इथला माणूस पक्षात जन्माला यायचा, आता तो दर वेळी नव्याने ठरवतो. पण पद्धत अजून दोनच पक्ष आहेत असं धरून चालते. तुम्ही राहता तिथे काय बदललेलं दिसतं? आणि पद्धत बदलावी का? इकडे राहणारे, राहून गेलेले आणि लांबून मजा बघणारे, सगळ्यांनी लिहा.

फिश_अँड_चिवडा
पहिली! वाचतेय.

माझा एकच बाळबोध प्रश्न. मत पेन्सिलीने का देतात? मी पहिल्यांदा गेले तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये प्लायवूडच्या आडोशात दोऱ्याला बांधलेली बुटकी पेन्सिल. बोटाला शाई नाही, मशीन नाही, बाहेर पोलीसही नाही. एक आजोबा कुत्र्याला घेऊन रांगेत उभे. मला वाटलं मी चुकून भिशीला आले.

शंकासुर
धागाकर्ते, १९५१ चा आकडा फसवा आहे. १९५० मध्ये लिबरल पक्षाने ४७५ उमेदवार दिले आणि त्यातल्या ३१९ जणांची अनामत जप्त झाली. पक्षाचं कंबरडं मोडलं. पुढच्याच वर्षी, म्हणजे तुमच्या १९५१ मध्ये, त्यांनी फक्त १०९ जागा लढवल्या. बाकी पाचशेच्या वर मतदारसंघांत लिबरल मतदाराला लिबरल उमेदवारच नव्हता. तो काय करणार? दोघांपैकी एकाला मत देणार. याला बांधिलकी म्हणायचं की नाइलाज?

गिरगावकर
शंकासुर, मुद्दा बरोबर आहे. पण मग ८२ टक्के लोक मत द्यायला गेले ते कशासाठी? नाइलाजाने कोणी थंडीपावसात बाहेर पडत नाही.

त्या निवडणुकीची खरी गंमत पुढेच आहे. लेबरला मतं जास्त पडली आणि सरकार आलं चर्चिलचं. फेब्रुवारी १९७४ मध्ये बरोब्बर उलटं: मतं कॉन्झर्व्हेटिव्हना जास्त, चार जागा लेबरला जास्त, पंतप्रधान विल्सन. फिट्टंफाट.

मोजणीदार
@फिश_अँड_चिवडा, मी आमच्या कौन्सिलच्या मतमोजणीला जातो (रात्रपाळीचे पैसे मिळतात, देशसेवा वगैरे काही नाही). पेन्सिलीचं कारण साधं आहे. शाई सांडत नाही, घडी घातल्यावर दुसरीकडे उमटत नाही, वाळत नाही. स्वतःचं पेन नेलं तरी चालतं. २०१६ च्या युरोपच्या सार्वमतात काही लोकांनी 'पेनच वापरा, नाहीतर सरकार खोडून टाकेल' अशी आवई उठवली होती. ज्याने एकदा मोजणीचा हॉल पाहिलाय त्याला हसू येईल. टेबलाच्या पलीकडे सगळ्या पक्षांची माणसं आमच्या हातांवर नजर रोखून उभी असतात. खोडरबर काढला तर हात तोडतील.

रात्री १० ला मतदान संपतं, पेट्या येतात, आधी नुसते कागद मोजतो. पेटीत जितके टाकले तितकेच आहेत याचा ताळा जमला की मग उमेदवारवार गठ्ठे. खरा तमाशा शंकास्पद मतांचा. चौकोनात फुली हवी, पण हेतू स्पष्ट असेल तर बरोबरची खूण, हसरा चेहरा, काहीही ग्राह्य धरतात. २०१५ मध्ये वेल्समधल्या माँटगॉमेरीशरला एका मतदाराने ग्लिन डेव्हिस या उमेदवाराच्या चौकोनात पुरुषाच्या अवयवाचं सविस्तर चित्र काढलं होतं. चित्र चौकोनाबाहेर गेलं नव्हतं, म्हणून मत वैध! साहेब निवडून आले आणि त्यांनी स्वतःच हे जगाला सांगितलं.

फिश_अँड_चिवडा
खिक् खिक्! कलेची कदर करणारा देश.

शंकासुर
मोजणीदार, मतपत्रिकेच्या मागे नंबर असतो आणि तो कोणाला दिला याची यादी ठेवतात, हे खरं का? मग कसली गुप्तता?

मोजणीदार
खरं आहे. नंबर असतो आणि यादीही असते. मोजणीनंतर दोन्ही वेगवेगळं सीलबंद करून वर्षभर ठेवतात, कोर्टाच्या आदेशाशिवाय उघडत नाहीत. बोगस मतदानाचा खटला झाला तर शोधता यावं म्हणून ती सोय.

गिरगावकर
गुप्ततेवरून आठवलं. १८७२ पर्यंत इथे मत उघड द्यायचे, मांडवात सगळ्यांसमोर नाव घेऊन. जमीनदार समोर उभा, कुळाची काय बिशाद? त्या वर्षी गुप्त मतदानाचा कायदा झाला आणि पहिली पोटनिवडणूक झाली यॉर्कशरमधल्या पाँटिफ्रॅक्टला. तिथे ज्येष्ठमधाच्या गोळ्या बनायच्या. पेटी लाखेने सील करायला शिक्का वापरला तो त्या गोळ्यांवर छाप मारायचा.

त्याआधीचा कारभार तर विचारू नका. १८३२ पूर्वी ओल्ड सेरम नावाच्या उजाड टेकडीला दोन खासदार आणि मँचेस्टरसारख्या वाढत्या गिरणगावाला स्वतःचा एकही नाही. मग १८३२, १८६७, १८८४ असे टप्प्याटप्प्याने पुरुष मतदार वाढले. बायकांना मत मिळालं १९१८ मध्ये, तेही वयाची तिशी ओलांडलेल्या आणि घरदार-मालमत्तेची अट पुरी करणाऱ्यांना. पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडलं. विद्यापीठाच्या पदवीधरांना घरचं एक आणि विद्यापीठाचं एक अशी दोन मतं असायची, ती १९४८ च्या कायद्याने गेली. १८ वर्षांना मत १९६९ च्या कायद्याने. तेव्हा 'पद्धत तीच' हे टेम्सकाठ यांचं म्हणणं अर्धंच खरं. मोजायची रीत तीच राहिली, पण कोणाची मतं मोजायची ते शंभर वर्षं बदलत होतं.

टेम्सकाठ
गिरगावकर, हे आवडलं. मोजायची रीत, असंच म्हणायचं होतं मला.

खाणगावचा_डॉक्टर
मी १९७४ साली केईएममधून इकडे आलो आणि नंतर नोकरीभर नॉटिंगहॅमशरमधल्या ॲशफील्ड भागात दवाखाना चालवला. शंकासुर म्हणतात तो नाइलाज मी पाहिला नाही, मी पाहिली ती सवय. माझे निम्मे पेशंट कोळसा खाणीतले. छातीचे विकार, गुडघे गेलेले, बहिरेपण. लेबरला मत का देता असं विचारलं तर त्यांना प्रश्नच कळायचा नाही. बाप युनियनचा, भाऊ युनियनचा, संध्याकाळचा क्लब खाणकामगारांचा, ब्रास बँड खाणीचा, सहलीची बस खाणीची. मतदान हे त्याच सगळ्याचं शेवटचं टोक. दगडाला शेंदूर फासून लेबरतर्फे उभा केला असता तरी निवडून आला असता.

पहिला तडा संपात गेला. १९८४-८५ च्या संपात यॉर्कशरचे खाणकामगार बाहेर आणि आमच्या जिल्ह्यातले बहुसंख्य कामावर, कारण त्यांचं म्हणणं होतं की आधी देशभरच्या खाणकामगारांचं संपावर मतदान घ्या, मग संप करू. माझ्या वेटिंग रूममध्ये दोन सख्खे भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसायचे. एकाला आधी आत घेतलं तर दुसरा रिसेप्शनिस्टवर चिडायचा. मग कामावर राहिलेल्यांनी वेगळी युनियन काढली. आणि गंमत बघा, कामावर राहिलेल्यांच्या खाणीही पुढे बंदच झाल्या.

खाण गेली, क्लब गेला, बँड उरला तो म्हाताऱ्यांचा. जिथे खाण होती तिथे आता गोदामं आहेत, कामाचे तास फोनवर कळतात, शेजारी काम करणाऱ्याचं नाव माहीत नसतं. अशा माणसाला बापाचा पक्ष काय कामाचा? शेजारच्या मॅन्सफील्डने १९२३ पासूनचा लेबरचा गड २०१७ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्हना दिला, २०२४ मध्ये परत लेबरला. ॲशफील्डने त्याहून मजा केली. ली अँडरसन हा माणूस आधी खाणकामगार, मग लेबरचा नगरसेवक, २०१९ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार, २०२४ मध्ये रिफॉर्मतर्फे खासदार. लोक त्याला पक्षबदलू म्हणतात. माझे जुने पेशंट म्हणतात, आम्हीही त्याच वाटेने गेलो की!

चकली
डॉक्टरकाका, दंडवत. ते दोन भाऊ पुढे बोलले का एकमेकांशी?

खाणगावचा_डॉक्टर
आईच्या अंत्यविधीला बोलले. नंतर परत नाही.

शंकासुर
काका, तुमच्या गावापुरतं पटलं. पण खाणकामगार काय लंडनमध्ये नव्हते, तरी तिथेही उलथापालथ झालीच ना? मला वाटतं आज वर्गापेक्षा वय बोलतं. आमच्या ऑफिसात पंचविशीतला भाड्याच्या खोलीत राहणारा आणि साठीतला घराचं कर्ज फिटलेला, दोघांचा पगार सारखा असला तरी मतं दोन टोकांची. एकाला नवी घरं बांधली जायला हवीत, दुसऱ्याला आपल्या खिडकीसमोर बांधकाम नकोय.

हॅरोवासी
भारतीयांच्या मतांबद्दल कोणी बोललं नाही अजून. आमच्या हॅरो ईस्टमध्ये २०२४ च्या त्या लाटेत, देशभर कॉन्झर्व्हेटिव्ह १२१ वर आपटले असताना, बॉब ब्लॅकमन पन्नास टक्क्यांच्या वर मतं घेऊन निवडून आले. त्या पक्षाच्या दुसऱ्या कोणालाही देशात ते जमलं नाही. आणि देशभरात लेबरकडून कॉन्झर्व्हेटिव्हनी हिसकावलेली एकमेव जागा कुठली? लेस्टर ईस्ट, शिवानी राजा. शेजारच्या लेस्टर साउथमध्ये मात्र गाझाच्या प्रश्नावर उभ्या राहिलेल्या अपक्षाने लेबरचा बडा नेता पाडला. एकाच शहराचे दोन मतदारसंघ!

आमच्या आधीच्या पिढीला हे स्वप्नातही पटलं नसतं. १९६४ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिकला कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवाराच्या बाजूने उघड वर्णद्वेषी घोषणा फिरल्या आणि तो जिंकला. त्यामुळे तेव्हाचे आपले लोक डोळे मिटून लेबरला मत द्यायचे. आता गल्लीत दुकान, घर, मुलगा बँकेत, मुलगी कन्सल्टंट. मंदिरात दिवाळीला सगळ्या पक्षांचे उमेदवार कपाळाला टिळा लावून हजर. एकाला मी स्वतः शंकरपाळं चमच्याने खाताना पाहिलंय.

फिश_अँड_चिवडा
चमच्याने शंकरपाळं!! त्याची अनामत तरी वाचली का?

हॅरोवासी
वाचली. अनामत ५०० पौंड आणि पाच टक्के मतं मिळाली की परत. शंकरपाळ्याने तेवढं केलं.

गिरगावकर
आपल्या लोकांचा विषय निघालाय तर दादाभाईंना विसरून कसं चालेल? एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राध्यापक, आमच्या मुंबईचे. १८८६ मध्ये हॉबर्नला हरले. त्यावर खुद्द पंतप्रधान सॅलिस्बरी भर सभेत बोलले की इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देण्याइतका अजून पुढे गेलेला नाही. १८९२ मध्ये फिन्सबरी सेंट्रलमधून दादाभाई निवडून आले, पाच मतांनी. तेव्हा बायकांना मत नाही, कितीतरी मजूर पुरुषांनाही नाही, आणि तरी.

त्यांच्या मागोमाग १८९५ मध्ये मंचरजी भावनगरी बेथनल ग्रीनमधून, तेही कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणून. मग १९२२ मध्ये बॅटर्सीतून शापुरजी सकलातवाला, आधी लेबरतर्फे आणि पुढे कम्युनिस्ट म्हणून. तिघेही मुंबईशी जोडलेले पारशी आणि तिघांचे तीन पक्ष. हॅरोवासी, तेव्हा आपले लोक सगळे एकाच पक्षात होते हे फक्त मधल्या काळापुरतं.

चकली
मी इथे वर्क व्हिसावर आलेय, भारतीय पासपोर्ट. मला मत आहे का? नवरा म्हणतो नाही, मैत्रीण म्हणते आहे.

टेम्सकाठ
आहे. राष्ट्रकुल देशाच्या नागरिकाला कायदेशीर वास्तव्य असेल तर इथे संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. भारत, पाकिस्तान, नायजेरिया, ऑस्ट्रेलिया, सगळ्यांना. साम्राज्याच्या काळातली सोय तशीच राहिली. माझी इटालियन शेजारीण वीस वर्षं कर भरते, तिला संसदेसाठी मत नाही, २०१६ च्या सार्वमतातही नव्हतं. मी तेव्हा नुकताच आलेला, भारतीय पासपोर्टवाला, मी युरोपात राहायचं की नाही यावर मत देऊन आलो. ती अजून मला टोमणे मारते.

शंकासुर
मारणारच. ५२ विरुद्ध ४८ चा निकाल, तिच्या आयुष्याचा प्रश्न, आणि मत तुम्हाला.

फिश_अँड_चिवडा
चकली, जाताना पासपोर्ट घेऊन जा हं. पूर्वी नाव-पत्ता सांगितला की कागद हातात द्यायचे. २०२२ च्या कायद्याने फोटो ओळखपत्र सक्तीचं झालं. म्हाताऱ्यांचा बसचा पास चालतो, तरुणांचं रेल्वेचं सवलत कार्ड चालत नाही. (शंकासुर, तुमचा वयाचा मुद्दा!) आणि ज्यांच्या सरकारने हा कायदा केला ते बोरिस जॉन्सन मे २०२४ मध्ये स्वतःच ओळखपत्र विसरून गेले, त्यांना परत पाठवलं. करावे तसे भरावे.

एडिनबराची_सुमा
तुम्ही सगळे इंग्लंडबद्दल बोलताय आणि ब्रिटन म्हणताय. इकडे स्कॉटलंडमध्ये मी एकाच घरात राहून तीन पद्धतींनी मत देते. वेस्टमिन्स्टरसाठी, म्हणजे लंडनच्या संसदेसाठी, तुमची ती फुली. होलिरूडसाठी, म्हणजे आमच्या स्कॉटिश संसदेसाठी, दोन मतपत्रिका, एक स्थानिक उमेदवाराला, एक पक्षाच्या यादीला, म्हणजे मतांच्या मानाने जागा कमी पडलेल्या पक्षांना यादीतून भरपाई. कौन्सिलसाठी १, २, ३ असे पसंतीक्रम. २००७ मध्ये होलिरूड आणि कौन्सिल एकाच दिवशी घेतलं, लोक गोंधळले आणि एक लाख चाळीस हजारांहून जास्त मतं बाद झाली. आता सरावले आहेत सगळे.

आणि मतदार फिरतो म्हणजे काय ते आमच्याकडे येऊन पाहा. १९५५ मध्ये इथे कॉन्झर्व्हेटिव्ह गटाला निम्म्याहून जास्त मतं होती, १९९७ मध्ये त्यांचा एकही खासदार नाही. मग लेबरचं राज्य. २०१५ मध्ये एसएनपीने (स्कॉटिश नॅशनल पार्टी) ५९ पैकी ५६ जागा झाडून नेल्या, २०२४ मध्ये त्यांच्या उरल्या ९. मतदान घटतंय असं म्हणता, पण २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमताला जवळपास ८५ टक्के लोक गेले, सोळा-सतरा वर्षांची पोरंही. माझा भाचा शाळेच्या गणवेशात मत देऊन आला. मताने काही ठरणार आहे असं वाटलं की लोक जातात हो.

खाणगावचा_डॉक्टर
सुमाताई, शेवटचं वाक्य शंभर टक्के. आमच्याकडे २०१६ च्या युरोपच्या सार्वमताच्या दिवशी जन्मात कधी मत न दिलेले लोक रांगेत होते. एक म्हणाला, आज पहिल्यांदाच माझं मत लंडनवाल्याच्या मताएवढं मोजणार आहेत.

गिरगावकर
आणि पंतप्रधान कोण हे ठरवायला तर मतही लागत नाही. २०२२ मध्ये लिझ ट्रसना निवडलं पक्षाच्या सदस्यांनी, मतं दिली सुमारे १ लाख ४० हजार जणांनी. आमच्या एका वॉर्डाची लोकसंख्या! दीड-दोन महिन्यांत गेल्या, कोण जास्त टिकतं बघू म्हणून एका वृत्तपत्राने कॅमेऱ्यासमोर ठेवलेली लेट्यूसची गड्डी त्यांच्यापेक्षा जास्त टिकली. मग ऋषी सुनक, त्यांच्यासमोर कोणी उभंच राहिलं नाही. या सगळ्यात पंतप्रधानांच्या निवासातलं लॅरी मांजर २०११ पासून त्याच पत्त्यावर.

मोजणीदार
ट्रसबाईंचा शेवटही आपल्या धाग्याच्या विषयातलाच. २०२४ मध्ये साउथ वेस्ट नॉरफोकला त्या ६३० मतांनी पडल्या आणि जिंकणाऱ्याला मतं किती? २६.७ टक्के. चारातल्या तिघांनी दुसऱ्या कोणालातरी दिलेलं, तरी खासदार. असं तिरंगी-चौरंगी सगळीकडे होतंय. पूर्वी गठ्ठे दोन उंच आणि बाकी किरकोळ असायचे. आता आमच्या टेबलावर चार-पाच सारख्या उंचीचे.

टेम्सकाठ
हेच! मग पद्धत बदलायला हवी की नको?

शंकासुर
हवी, पण होणार नाही. २०११ मध्ये पसंतीक्रमाच्या पद्धतीवर सार्वमत घेतलं, ६८ टक्के लोकांनी नको म्हटलं, आणि मत द्यायला गेले ४२ टक्के. त्याआधी १९९७ मध्ये लेबरने पद्धतीवर सार्वमत घेऊ असं जाहीरनाम्यात लिहिलं होतं. प्रचंड बहुमत आलं, समिती नेमली, अहवाल आला आणि तो फडताळात गेला. जो याच पद्धतीने सत्तेत आला तो ती कशाला बदलेल? उलट लंडनच्या महापौराला दुसरी पसंती देता यायची, ती २०२२ च्या कायद्याने काढून फुली आणली. चाक मागे फिरलं.

हॅरोवासी
मी विरोधात. यादीच्या पद्धतीत पक्ष ठरवणार कोण खासदार. इथे माझा खासदार शनिवारी ग्रंथालयात बसतो, व्हिसाचं अडलेलं काम घेऊन कोणीही जातं. आमच्या सासूबाईंचं काम त्यानेच पत्र लिहून मार्गी लावलं. यादीतल्या खासदाराला मी कुठे शोधू?

एडिनबराची_सुमा
माझ्याकडे एक स्थानिक आणि सात यादीतले आहेत. एकाने उत्तर दिलं नाही तर दुसऱ्याला लिहिते. चांगली चढाओढ असते.

गिरगावकर
पद्धत कुठलीही ठेवा, घरी बसू नका एवढंच. मे २०२५ मध्ये रंकॉर्नची पोटनिवडणूक रिफॉर्मने सहा मतांनी जिंकली. दादाभाईंपेक्षा एक जास्त.

चकली
टेम्सकाठ दादा, नवऱ्याला धागा वाचायला दिला, आता तोही नाव नोंदवणार म्हणतो. कधीपर्यंत करावं लागतं?

मोजणीदार
मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवस आधीपर्यंत. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. घर बदललं असेल तर नव्या पत्त्यावर परत करावं लागतं. ते शेवटच्या दिवसावर टाकू नका, त्या दिवशी आमच्या ऑफिसचा फोन लागत नाही.